अण्णांनी केबल विकली तेव्हा

आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याला सगळे अण्णा म्हणायचे. मीही म्हणायची, आणि अहो-जाहो करायची. आता करत नाही. तो आमच्यापासून चार घरं सोडून राहतो, त्यामुळे समोरासमोर येणं टळत नाही. तो दिसला की मी पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि सरळ चालत राहते. एकदा त्यानं हात वर केला होता. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. हे वाचून कुणाला मी कडवट बाई वाटले तर वाटू दे.

या माणसानं गच्चीवर डिशची पहिली छत्री बसवली तेव्हा मी शाळेत नवीन शिक्षिका होते. पुढे छतांवरून वायरी गेल्या, मग त्या वायरींच्या जागी बारीक काळी तार आली आणि तिच्यातूनच इंटरनेट आणि टीव्ही दोन्ही यायला लागले. सगळा धंदा त्यानं स्वतः उभा केला, हे मी नाकारत नाही. खांबावर चढायला माणूस नसला तर स्वतः चढायचा.

त्याच्या घरी कानडी बोलतात. आमच्याकडे निम्म्या गल्लीत दोन्ही चालतात, दारात मराठी आणि चुलीपाशी कानडी. आमच्या घरात मात्र चुलीपाशीही मराठीच होती. वडील जेऊरकडचे, रेल्वेत होते. आई अक्कलकोटच्याही पलीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हती, आणि सासरची माणसं तिच्या बोलण्यावर हसायची. वडिलांनी एकदाच सांगितलं म्हणे, घरात कानडी नको. तिनं मराठी शिकून घेतली.

आणि एक गोष्ट माझी. मी चौथीत असताना आई डबा द्यायला शाळेच्या फाटकाशी आली आणि तिनं मला कानडीत हाक मारली. माझ्याबरोबर मैत्रिणी होत्या. मी वळले नाही. शिपाईमामांनी डबा वर्गात आणून दिला. त्यानंतर आई माझ्याशी कधीच कानडीत बोलली नाही. माझ्यापाशी ती भाषा उरली ती मावशी आल्या की स्वयंपाकघरातून ऐकू येणारी कुजबूज म्हणून.

मी लग्न केलं नाही. वडील गेले, मी निवृत्त झाले, आणि आई आणि मी अशा दोघी राहिलो. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, आणि मराठी गेली. दवाखान्यात ती "नीर, नीर" म्हणत होती. नर्सला ते एखाद्या औषधाचं नाव वाटलं. पाणी मागतेय हे शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सुनेनं सांगितलं. मी तिथेच उभी होते, तिची मुलगी, आणि मला कळलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. नंतर शिकलेली भाषा जाते, पहिली राहते."

"परत येईल का मराठी?"

"सांगता येत नाही. पण जी आहे ती धरून ठेवा. दिवसभर कानावर पडू द्या. नाहीतर तीही जाईल."

कुणाकडून पडू देणार? मावशी सगळ्या गेलेल्या. गावाकडची भाचरं पुण्या-बंगळुरात. तेव्हा मी अण्णाकडे गेले. तो त्याच संध्याकाळी घरी आला, कानडी चॅनल लावून दिले, त्यांचे आकडे चिकटपट्टीवर लिहून रिमोटला लावले. मग आईच्या पुढ्यात स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "अक्का, ऊट आयतेनरी?" जेवण झालं का, एवढंच. आई रडली. झटका आल्यापासून तिला कुणी तिच्या भाषेत जेवलीस का विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून या माणसाबद्दल मला जे वाटत होतं ते मी कुणाबद्दल सहसा वाटून घेत नाही.

सकाळी एका चॅनलवर मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई बातम्या द्यायच्या. आई त्यांच्या वाक्यांचे शेवटचे शब्द म्हणायची. आधी नुसते आवाज, मग शब्द, मग दोन-दोन शब्द एकत्र. मी वही घेऊन शेजारी बसायची आणि ती म्हणेल ते देवनागरीत लिहून ठेवायची. स्पीच थेरपीच्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा या टीव्हीवरच्या बाईच जास्त काम करतायत." दीड वर्षात आई पाणी, चहा, उजेड, उशी, दुखतंय, नको असं सगळं सांगू लागली. एकदा बातम्यांतल्या मंत्र्याला शिवी दिली. ती शिवी मी वहीत लिहिली नाही, पण मला फार बरं वाटलं.

मग दूध केंद्रावर कळलं की अण्णा केबल विकतोय. मोठी कंपनी येतेय, शहरातल्या सगळ्या लहान केबलवाल्यांना विकत घेतेय. लोक कुरकुरायला लागले तसं त्यानं गणेश मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. पांढरा शर्ट घालून बसला होता. शेजारी कंपनीचा माणूस, इस्त्रीच्या कपड्यातला, सारखा मोबाइल बघणारा. लोकांनी विचारायचं ते विचारलं. स्पीड तोच राहील का? वायर तुटली तर कोण येणार? जुना लाइनमन राहणार का? मी उभी राहिले आणि कानडी चॅनलचं विचारलं.

"बाई, फकस्त नाव बदलतंय," अण्णा म्हणाला. "वायर तीच, मी तोच. मी कुटं चाललोय?"

"तुमचं नको. यांना सांगू द्या."

कंपनीच्या माणसानं मोबाइलवरून मान वर केली. "सब कुछ वैसा ही रहेगा, मॅडम."

"लिहून द्याल?"

हॉलमध्ये हशा पिकला. अण्णानं गळ्याला हात लावला. "ह्ये घ्या, गळ्याची शपथ. अक्काचं चॅनल गेलं तर मला इचारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दीड महिन्यानं कंपनीची दोन माणसं आली, जुना बॉक्स काढून नेला आणि नवा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला, तर निळ्या पडद्यावर अक्षरं: हा चॅनल आपल्या विभागात उपलब्ध नाही. दुसरा लावला, तेच. सगळ्या कानडी चॅनलचं तेच.

"टीव्ही हच्चु," आई म्हणाली. लाव.

"लावलाय गं."

"हच्चु!" तिनं डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली. मी मराठी बातम्या लावल्या. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि मान फिरवली.

कॉल सेंटरला फोन केला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले, दाबले, आणि हिंदी बोलणारा मुलगा आला. त्यानं माझा नंबर विचारला आणि म्हणाला, हा नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही. नोंदलेल्या नंबरवरून फोन करा. मी म्हटलं, माझ्या घरात तुमचा बॉक्स आहे, त्याच्यावरचा आकडा वाचून दाखवते. त्यानं वाचू दिला. मग म्हणाला, नोंदलेल्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा. माझ्या फोनवर काहीच आलं नाही. तीन वेळा हाच खेळ झाला. चौथ्यांदा मी त्याच्यावर ओरडले आणि त्यानं फोन ठेवला.

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. निम्म्या लोकांची तीच रड होती, कुणाचं इंटरनेट बंद, कुणाचं ॲप उघडत नाही, ओटीपी कुठे जातो पत्ता नाही. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी फक्त मला उत्तर दिलं. "महाराष्ट्रात राहून कानडी चॅनल कशाला हवेत? एवढी हौस असेल तर विजापूरला जावं की." खाली चार जणांनी अंगठे दाखवले. त्यातल्या दोघांची मुलं माझ्या हाताखाली शिकलेली.

मी लिहिलं, "तुमच्याकडे क्रिकेट इंग्रजीतून लागतं. तुम्ही लंडनला जा." आणि ग्रुपमधून बाहेर पडले. जिन्यात भेटले तर साहेब अजून बोलत नाहीत. माझीही काही अडचण नाही.

अण्णा फोन उचलत नव्हता. घरी गेले तर त्याची बायको दारात आली. "गावाला गेल्यात की, लग्नाला." तिच्या मागे उंबऱ्याशी त्याच्या चपला होत्या, डाव्या अंगठ्याला तार बांधलेल्या. त्या चपला घालून तो दीड वर्ष माझ्या घरी येत होता. मी चपलांकडे पाहिलं, तिनंही पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

मग कंपनीचं ऑफिस. नवी पेठेच्या मागे, कापड दुकानांच्या वर, दुसरा मजला. काचेचं दार, आत थंडगार, बाहेर जिन्यात घामाघूम माणसांची रांग. नंबर घेऊन बसायचं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या घरचे विणकामाचे माग होते पूर्वी. त्यांच्या बायकोला तेलुगू भजनांचं चॅनल लागायचं. ते तिसऱ्यांदा आले होते.

"जुन्या केबलवाल्याला घेऊन यावं लागतंय, मॅडम," ते म्हणाले. "त्याशिवाय कायच करत न्हाईत."

"मग तुम्ही का आणत नाही?"

"माझा वारला," ते म्हणाले.

माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं बॉक्सचा आकडा टाकला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. "मॅडम, तुम्ही आमच्या कस्टमर नाही आहात."

"मग माझ्या घरातला बॉक्स कुणाचा?"

"कस्टमरचा."

"आणि कस्टमर कोण?"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. अण्णाचं नाव. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांपुढे अण्णाचं नाव, अण्णाचा मोबाइल. इतकी वर्षं त्यानं आमची कुणाची नावं नोंदवलीच नव्हती. सगळी गल्ली त्याच्या एकट्याच्या नावावर घालून ठेवली होती आणि ती तशीच उचलून विकली होती. आमचे ओटीपी त्याच्या खिशात वाजत होते आणि तो उचलत नव्हता.

मॅनेजर आला. मी आईचं सांगितलं, झटका, भाषा, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. मला याचना करता येत नाही, पण मी केली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, यूट्यूबवर सगळं असतं."

ते मी करून पाहिलं होतं. मोबाइल आईच्या पुढे धरला होता. एवढ्याशा काचेत तिला काही दिसत नव्हतं. आमच्या घरचा टीव्ही जुना, त्याला इंटरनेट जोडता येत नाही. आईनं फोन हातानं ढकलला होता, "बेड." नको. मग चहालाही बेड, औषधालाही बेड. दुसरा आठवडा संपेपर्यंत तिच्यापाशी तेवढा एकच शब्द उरला होता. स्पीच थेरपीच्या बाईंनी वही चाळली, आईला उशी दाखवली, दिवा दाखवला. आई खिडकीकडे बघत राहिली. बाई निघताना दारात हळूच म्हणाल्या, "लवकर काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला व्हीलचेअरवर बसवलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि गल्लीतून ढकलत अण्णाच्या दारात नेलं. खुर्चीला ब्रेक लावला. शेजारी पायरीवर मी बसले. एप्रिल होता, दहा वाजताच पाय भाजत होते. त्याची बायको बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली.

"बाई, म्हातारीला उन्हात कशाला आणलंसा? लोकं बघायल्यात."

"बघू द्या."

लोक बघतच होते. इस्त्रीवाला थांबला, समोरच्या गॅलरीत दोघी उभ्या राहिल्या. मी आईला त्या दिवशी हत्यारासारखं वापरलं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. तिनं मला काही विचारलं नाही, तिला विचारता येत नव्हतं. मी उठले नाही.

अर्ध्या तासानं तो बाहेर आला. बनियनवर, दाढी वाढलेली.

"काय तमाशा लावलाय, बाई?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, गेलं तर मला विचारा? विचारायला आलेय."

"मी इकलंय आता. माझं काय ऱ्हायलंय त्यात? मलाबी फसवलंय त्यांनी. माझी मानसं घेतो म्हनले, एकबी घेतला न्हाय. लाइनमन माझ्या नावानं खडे फोडतोय. तुमी हितं, त्यो तितं, मी किती जनांना तोंड देऊ?"

"आम्हाला विकताना विचारलं होतंत?"

"वायर इकली मी. मानसं न्हाय इकली."

"माझं घर तुमच्या नावावर आहे तिथे. मी कोणी नाही. माझी आई कोणी नाही. बघून आलेय मी स्क्रीनवर."

तो आईकडे वाकला. "अक्का..."

आई त्याच्याकडे बघत नव्हती. टॉवेलचं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं.

"शर्ट घाला," मी म्हटलं. "आधार कार्ड घ्या. आत्ता जायचंय."

आईपाशी त्याची बायको थांबली, आत नेलं, पंख्याखाली बसवलं. तेवढं तिनं केलं. अण्णा माझ्या स्कूटरवर मागे बसला. सिग्नलला ब्रेक दाबला तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि चटका बसल्यासारखा त्यानं मागे घेतला.

ऑफिसात त्याला वाटलं सरळ आत जाता येईल. काचेचं दार ढकलून तो मॅनेजरच्या खोलीकडे निघाला तर गार्डनं अडवलं. "नंबर घ्या, काका." सह्या झाल्या त्या दिवशी याच मॅनेजरनं त्याला हार घातला होता, तो फोटो अण्णानं ग्रुपवर टाकला होता. आता मॅनेजर खोलीतून बाहेर आला, अण्णा उठून उभा राहिला, हसला, आणि मॅनेजर त्याच्या अंगावरून पुढे निघून गेला. ओळखलं नाही की ओळख दाखवली नाही, देव जाणे. अण्णा परत बसला. हातातली नंबरची चिठ्ठी घड्या घालून घालून त्यानं इवलीशी केली.

मला कीव यायला हवी होती. नाही आली. उलट बरं वाटलं, आणि हे लिहितानाही ते खोडावंसं वाटत नाही.

दीड तास बसलो. मग काउंटरवरच्या त्याच मुलीनं त्याचा अंगठा घेतला, ओटीपी विचारला, त्यानं खिशातून फोन काढून वाचून दाखवला. पाच मिनिटांत मी कस्टमर झाले. एवढंच काम होतं. पाच मिनिटांच्या कामासाठी माझ्या आईचे शब्द गेले होते.

"आणि गल्लीतले बाकीचे?" मी त्याला विचारलं.

"येतील त्येंचे त्ये," तो म्हणाला. जिना उतरून तो रिक्षा करून गेला. माझ्या स्कूटरवर बसला नाही.

कानडी चॅनल तीन दिवसांनी आले. सगळे नाही. बातम्यांच्या त्या बाईंचं चॅनल नव्हतंच. कंपनीचा त्या चॅनलशी करार नाही म्हणे. जे आले त्यांत एक सिनेमाचं, एक मालिकांचं आणि एक स्वयंपाकाचं. मी आईला पुढ्यात बसवलं. पहिले दोन दिवस ती नुसतं बघत राहिली. मी वही उघडून माझ्या मोडक्या कानडीत तिचेच जुने शब्द तिला वाचून दाखवायला लागले. माझा उच्चार ऐकून ती वैतागायची, कपाळाला आठ्या घालायची. तिसऱ्या दिवशी मी "नीर" म्हटलं ते तिला सहन झालं नाही, तिनं तो शब्द मला बरोबर करून सांगितला. रागानं सांगितला. मग मी मुद्दाम चुकत राहिले. आई रागावत गेली तसे शब्द सुटत गेले. पूर्वी होते तेवढे अजून झालेले नाहीत.

जूनमध्ये एका सकाळी अण्णा दारात आला. हातात आंब्यांची पिशवी. मी दार अडवून उभी राहिले, पण तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"अक्का," त्यानं हाक मारली. "ऊट आयतेनरी?"

आईनं टीव्हीवरून मान वळवली. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बघून स्पष्ट विचारलं, "यारु इंव?"

हा कोण.

अण्णाचा चेहरा उतरला. "मी... बाई, तुमी सांगा की. तिला वळक लागंना बगा. सांगा की मी हाय म्हनून."

तिला खरंच ओळख लागली नव्हती का, ते मला आजतागायत माहीत नाही. तिची नजर मला स्वच्छ वाटली होती. पण झटक्यानंतर तिच्या नजरेवरून मी पुष्कळदा चुकले आहे. तिला काय सांगायचं ते शब्द मला येत होते. केबलवाला, चार घरं पलीकडचा, तुला अक्का म्हणणारा. वहीत होते सगळे.

"गोत्तिल्ल," मी आईला म्हटलं. माहीत नाही.

अण्णाला ते कळलं. त्याचीच भाषा ती. त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. मी ती उचलून नेली आणि त्याच्या फाटकाच्या कडीला अडकवून परत आले. घरात आले तेव्हा टीव्हीवरच्या बाई भाकरी थापत होत्या, आणि आई मोठमोठ्यानं त्यांच्या चुका काढत होती.